खोटा करंट

रात्रीचे पावणेदोन. दांडिया बाजारातलं
शेवटचं शटरही ओढून झालंय.
मी एका फंक्शनशी खोटं बोलतेय.

त्यानं मेमरी मागितली. म्हटलं, घे.
पुन्हा मागितली. म्हटलं, संपली.
(सोळा जीबी पडून आहे मशीनमध्ये,
त्याला कुठे ठाऊक.)
आता बघू, काय करतो.

बाबा मकरपुऱ्याला रिले तपासायचे. एकतीस वर्षं.
रिले म्हणजे मला धावायची शर्यत वाटायची.
ते म्हणायचे, छे गं, हा धावत नाही,
हा वीस-वीस वर्षं पॅनलवर नुसता बसून असतो
आणि एक दिवस कुठेतरी तार तुटून पडते.
त्या दिवशी त्याला चाळीस मिलिसेकंद मिळतात.
तेवढ्यासाठी त्याचा पगार.

मग त्याला विचारायचं कसं, बाबा रे, जमेल ना तुला?
लाइनवरून सोडवायचा,
समोर पेटी ठेवायची, दोन वायरी जोडायच्या
आणि खोटा करंट द्यायचा.
खोटा आपल्यापुरता. त्याला तो खराच लागतो.
टक् झालं की वहीत खूण.

माझंही तेच. अख्खा कर्नल उठवत नाही मी.
गाभा तो. तिथं चूक झाली
तर चूक झाली हे सांगायलाही कुणी उरत नाही.
म्हणून साठ ओळींचं एवढंसं फंक्शन
बाहेर काढून घेते, त्याच्यापुढे
पुठ्ठ्याचं डिव्हाइस उभं करते, पुठ्ठ्याचं घड्याळ.
शून्य देते. उणे एक देते.
दोनशे पंचावन्ननंतरचा एक देते, तिथं भलेभले अडखळतात.

सहा चाचण्या सरळ गेल्या.
सातवी: नॉट ओके.

ओळ एकेचाळीस.
मेमरी नाही म्हटल्यावर हा निमूट माघारी फिरतो,
शहाण्यासारखा एरर हातावर ठेवतो,
फक्त आत घातलेलं कुलूप तसंच सोडून येतो.
पुढचा येईल तो दाराशी थांबेल.
त्याच्यामागे आणखी एक. मग आणखी.
कुणी ओरडणार नाही.
मशीन नुसतं गप्प होईल.

नऊ वर्षं ही ओळ इथं पडून आहे,
विश्वामित्रीतल्या मगरीसारखी.
वरून पूल, पुलावरून रिक्षा, स्कूलबस, वरातीसुद्धा,
आणि खाली ती, लाकडाचा ओंडका होऊन.
पूर येतो तेव्हाच ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये दिसते.

कुणी लिहिलीय म्हणून बघितलं.
हेमांगी खानविलकर.
लग्नाआधीचं माझं नाव.
थोडा वेळ खुर्चीत तशीच बसले.

बाबांच्या वह्या माळ्यावर आहेत.
एका वहीतलं एकच पान दुमडलेलं.
सावलीचं सबस्टेशन. रिले पास, वेळ अडतीस,
सगळ्या खुणा जागच्या जागी.
चाचणी झाली, सही झाली, चहा आला,
आणि काढून ठेवलेली लिंक परत बसवायची राहिली.
तीन महिन्यांनी खरा करंट आला
तेव्हा रिले आपल्या जागी अगदी ठणठणीत होता
आणि कशालाच जोडलेला नव्हता.
मंगळभाई तडवी त्यानंतर डाव्या हातानं
बिडी पेटवायला शिकले.
सही कुणाची, मी विचारलेलं नाही.
अक्षर ओळखीचं आहे.

कुलूप सोडणारी एक ओळ घातली.
सात: ओके.
हिरव्या अक्षरांत. फार गोड दिसतं ते या वेळी.

मग पुठ्ठे एकेक काढले,
घड्याळ खरं लावलं, मेमरी खरी,
आणि अख्खं मशीन उठवायला घेतलं.
सव्वातीन. स्वयंपाकघरात माठाचं झाकण वाजलं.
पॅसेजमधूनच, दिवा न लावता, त्यांनी विचारलं,
परत जोडलंस?

हो म्हटलं.
ते आत गेले
आणि मी पुन्हा पहिल्या ओळीपासून बघायला लागले.